व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, लॅपटॉप साधाच आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आलाय की मी लातूरला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही, फोन बऱ्यापैकी आहे, व्हिडिओ एडिटिंग अगदी बेसिकपासून शिकायचंय, जवळचा एक क्लास ३ महिन्यांचे ४५ हजार मागतोय तर तो लावू का, सॉफ्टवेअर कुठलं धरू, आणि ताई जरा नीट सांगा.

नीटच सांगते. मी गेली १९ वर्षं एडिटिंग करतेय, आधी सांगलीत लग्नाचं काम, मग पुण्यात येऊन टीव्हीसाठी, संस्थांच्या माहितीपटांसाठी, आता बरंचसं ऑनलाइनचं. मी सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे एडिटिंग हा शब्दच कोणी वापरायचं नाही, लग्नाचं मिक्सिंग म्हणायचे, "कॅसेट मिक्सिंगला दिलीय" असं. मिनी डीव्हीच्या टेप यायच्या, एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला बरोबर एक तास लागायचा आणि १३ जीबी जागा जायची, आणि तो तासभर कॉम्प्युटरला दुसरं काही करू दिलं की मधल्या फ्रेम गळायच्या, म्हणून मी समोर बसून सगळं फुटेज पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत बसायचे. नवरीची मावशी कुठे हसली, अक्षता पडताना वडिलांनी मान कुठे वळवली, सगळं डोक्यात बसायचं. मला एडिटिंग त्या तासांनी शिकवलंय. आता कार्डवरून फुटेज पाच मिनिटांत कॉपी होतं आणि माझ्याकडे शिकायला येणारी पोरं ते न बघताच टाइमलाईनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने लावायच्या पट्टीवर, ओढतात आणि कापायला लागतात, मग दोन दिवसांनी विचारतात की ताई काहीतरी मजा येत नाहीये, इफेक्ट कुठला टाकू. माझं सगळं उत्तर इथेच आहे, सॉफ्टवेअरची बटणं पंधरा दिवसांत येतात, फुटेज बघायची आणि ऐकायची सवय लागायला वेळ जातो आणि तीच सवय म्हणजे एडिटिंग.

एक प्रसंग सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. पुण्यात आल्यावर एका संस्थेसाठी दुष्काळावरची फिल्म करत होतो, त्यात एका म्हाताऱ्या बाईंची मुलाखत होती. शूट करणाऱ्याने विचारलं, मुलं किती तुम्हाला? बाई म्हणाल्या "तीन." मग थांबल्या, पदर सारखा केला, बाजूला बघितलं, आणि म्हणाल्या "दोन." मी तेव्हा नवीन, मला वाटलं बाई चुकल्या आणि मग दुरुस्त केलं, म्हणून "तीन" आणि मधली शांतता कापून टाकली आणि प्रश्नाला थेट "दोन" लावलं. छान स्वच्छ कट होता, जराही खटकत नव्हता. आमच्या सीनिअरने रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, बघितला आणि मूळ फुटेज लाव म्हणाले. त्यांनी ते एकदा बघितलं आणि काही न बोलता उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले सगळं परत घाल, पदरासकट. मधली ती सात सेकंदं म्हणजेच ती फिल्म होती आणि मी ती कचरा समजून टाकली होती, कारण मी बाईंकडे बघतच नव्हते, मी टाइमलाईनवरच्या आवाजाच्या रेघेकडे बघत होते, जिथे रेघ सपाट तिथे काप. आज जी ऑटोमॅटिक शांतता कापणारी टूल्स आलीयत ना ती नेमकं हेच करतात. यूट्यूबवर नुसतं बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओला ती चालतात, वेळ वाचतो, मी पण वापरते, पण शिकताना पहिलं वर्षभर वापरू नको.

आता लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फार चांगली आहे, त्यात अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट मिळतं, वॉटरमार्क येत नाही, कलरचं काम तर जगातले मोठमोठे लोक त्यावर करतात. पण ती ८ जीबी रॅमवर आणि ग्राफिक कार्ड नसताना तुला रडवेल. किमान १६ जीबी आणि बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड असलं की मगच तिच्याकडे जा, मशीन अडकून अडकून चाललं की शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये आणि पोरं तिथेच सोडून देतात. तुझ्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह टाक, दोन्ही ओपन सोर्स, पूर्ण फुकट, दोन्ही साध्या मशीनवर चालतात. मला विचारशील तर शॉटकटने सुरू कर, कारण त्यात गर्दी कमी आहे. आणि प्रीमिअर म्हणून ॲडोबीचं विकतचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं क्रॅक केलेलं व्हर्जन कुणी पेनड्राइव्हवर देईल तर घेऊ नको, त्याच्याबरोबर काय काय मशीनमध्ये येतं ते मी मित्रमैत्रिणींच्या कॉम्प्युटरवर बघितलंय, एकीचं सहा महिन्यांचं काम लॉक झालं होतं. शिवाय ऐन कामाच्या दिवशी ते बंद पडतं आणि तेव्हा कुणाकडे तक्रार पण करता येत नाही.

फोनवरच्या ॲपवर सुरुवात केली तर चालेल का असंही बरेच जण विचारतात. चालेल की. रील्ससाठी लोक फोनवरच एडिट करून पैसे कमावतायत. फक्त टेम्प्लेट वापरू नको, म्हणजे तू फोटो टाकायचे आणि ॲपने त्याच्या ठरलेल्या ठेक्यावर कापायचे असं नको, कारण मग निर्णय ॲप घेतंय आणि तू काहीच शिकत नाहीयेस.

लॅपटॉप अडकतोय हे मात्र नव्वद टक्के वेळा प्रॉक्सी न वापरल्यामुळे होतं. प्रॉक्सी म्हणजे तुझ्या मूळ क्लिपची हलकी नक्कल, कमी रिझोल्यूशनची. सॉफ्टवेअर तुला ती नक्कल दाखवतं, तू तिच्यावर कापाकापी करतोस आणि एक्स्पोर्ट करताना ते आपोआप मूळ क्लिप वापरतं, त्यामुळे क्वालिटी जात नाही. शॉटकटमध्ये सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करायचं एवढंच, केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये असतं. पहिल्यांदा नकला बनायला वेळ लागतो, तेवढ्यात जेवून ये. आणि मुळात शिकायला फोर-के मध्ये शूट करूच नको, १०८०पी पुष्कळ झालं.

दुसरी अडचण फोनच्या फुटेजची, जिच्यापायी नवीन पोरांचे आठवडे जातात. फोन ३० फ्रेमवर शूट करतो असं लिहिलेलं असतं पण प्रत्यक्षात तो उजेड आणि प्रोसेसरचा ताण बघून फ्रेम कमीजास्त करत राहतो. एडिटिंग सॉफ्टवेअरला ठरावीक गती लागते. मग होतं काय की मुलाखतीच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि दहाव्या मिनिटाला माणूस तोंड मिटतो आणि आवाज नंतर येतो, आणि पोरं आवाज पुढेमागे सरकवत बसतात, इथे जुळवला की तिथे सुटतो. सरकवून ते कधीच जुळत नाही. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे, त्यात व्हिडिओच्या टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवड, फाइल एकदा त्यातून काढ आणि मग ती टाइमलाईनवर घे. शॉटकट तर अशी फाइल आली की स्वतःच विचारतं की एडिटिंगला सोपी करून देऊ का, तेव्हा हो म्हण.

आणि एक आपल्याकडचं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसतात ते हेच. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेव, पट्टे जातात, आणि २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो घे. यूट्यूबवरचे बरेच धडे अमेरिकन लोकांचे असतात, त्यांच्याकडे वीज ६० हर्ट्झची, म्हणून ते १/६० सांगतात, ते घरात आंधळेपणाने करू नको. पट्टे एकदा फुटेजमध्ये आले की एडिटिंगमध्ये काढणं फार कटकटीचं असतं.

आता खरा अभ्यास. नेटवरचं तयार फुटेज डाउनलोड करून त्यावर शिकू नको, स्वतः शूट कर, कारण स्वतः शूट केल्यावरच टाइमलाईनवर बसून कळतं की अरेरे हा शॉट दोन सेकंद अजून धरायला हवा होता. मी सगळ्यांना एकच गृहपाठ देते, सायकलच्या पंक्चरवाल्याकडे जा आणि एक पंक्चर काढताना शूट कर. का तर त्याला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, एकच माणूस आहे, हाताचं काम आहे, आणि आवाज भरपूर आहेत. कुणाला मुलाखत द्यायला लावायची गरज नाही.

तो काय करतो बघ. लोखंडी पट्ट्या घालून टायर उचकटतो, ट्यूब ओढून काढतो, पंप मारून फुगवतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवून फिरवतो, बुडबुडे आले की तिथे बोट ठेवतो, पुसतो, खूण करतो, घासतो, सोल्युशन लावतो, वाळायची वाट बघतो, ठिगळ लावतो, ठोकतो, परत पाण्यात बघतो, परत चढवतो. पंधरा ते वीस मिनिटांचं काम. तू त्याचे पंचवीसेक शॉट घे, प्रत्येक किमान दहा सेकंद न हलता धरून, काही लांबून पूर्ण दुकान, काही कमरेपर्यंतचा माणूस, काही फक्त हात, काही फक्त चेहरा, आणि सायकलवाला गिऱ्हाईक वाट बघत उभा असेल तर तो, त्याच्या घड्याळाकडे बघण्यासकट. त्यातून ६० सेकंदांचा व्हिडिओ कर. संगीत लावायचं नाही, बोलणं नाही, ट्रान्झिशन नाही, स्लो मोशन नाही. फक्त सरळ कट.

पहिल्यांदा बसशील तेव्हा सगळं फुटेज न थांबता बघ. दुसऱ्यांदा बघताना वहीत लिही, किती वाजता काय दिसलं आणि तुला काय आवडलं. वही हवीच, पेननेच लिही. मग त्यातले आवडलेले तुकडेच टाइमलाईनवर घे. यातला एकच कट जवळून दाखवते. शॉट पहिला, लांबून, माणूस ट्यूब हातात धरून घमेल्यावर वाकतोय. शॉट दुसरा, जवळून, घमेलं, पाण्यात हात. नवीन माणूस काय करतो, पहिल्या शॉटमध्ये तो पूर्ण वाकून हात पाण्यात घालेपर्यंत थांबतो, आणि मग दुसरा शॉट लावतो ज्यात हात आधीच पाण्यात आहे. चूक नाही त्यात, पण ढिलं वाटतं, कट दिसतो. तू असं कर, पहिल्या शॉटमध्ये हात खाली यायला लागला, अजून पाण्याला लागायचाय, तिथे काप, आणि दुसऱ्या शॉटमध्ये हात वरून फ्रेममध्ये येतोय तिथून सुरू कर, म्हणजे पाण्याला लागायची क्रिया जवळच्या शॉटमध्ये पूर्ण होते. बघणाऱ्याचा डोळा हाताच्या मागे मागे जात असतो, तो कट त्याला दिसतच नाही. मग एक फ्रेम पुढे, एक फ्रेम मागे करून बघ, २५ फ्रेमच्या टाइमलाईनवर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, ४० मिलिसेकंद, तरी फरक कळतो, आणि ज्या दिवशी तुला तो फरक कळला त्या दिवशी मला सांग.

आता त्यानंतर बुडबुडे कधी दाखवायचे? ट्यूब पाण्यात गेली रे गेली की बुडबुडे दाखवलेस तर शोध संपला. त्याऐवजी ट्यूब फिरतेय, त्याचा चेहरा, डोळे पाण्याकडे, परत ट्यूब, काही नाही, गिऱ्हाईक वाट बघतोय, आणि मग आधी नुसता बुडबुड आवाज आणि मागून बुडबुड्यांचा शॉट. आवाज चित्राच्या आधी आणायचा, याला जे कट म्हणतात, आणि चित्र बदललं तरी आधीचा आवाज चालू ठेवायचा तो एल कट, टाइमलाईनवर ते तुकडे तसे इंग्रजी अक्षरासारखे दिसतात म्हणून ही नावं. मुलाखती, सिनेमे, मालिका, सगळं या दोनावर चालतं. आज रात्री घरी जी मालिका चालू असेल ती डोळे मिटून ऐक आणि कट कुठे झाला असेल ते ओळख, मग डोळे उघडून बघ, बऱ्याचदा चुकशील कारण आवाज आणि चित्र एकाच जागी कापलेले नसतात.

वीस मिनिटांचं काम ६० सेकंदांत आणायचं म्हणजे वेळ काढून टाकायचा आणि तरी बघणाऱ्याला सगळं बघितल्यासारखं वाटलं पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आणला, त्याच्या आधी भांडवल मिळवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी कॅमेऱ्यात घेतली होती, आणि पडद्यावर ते रोप बघता बघता वाढताना दिसलं तेव्हा लोकांचा विश्वास बसला. वेळेशी खेळायचं हे काम आपल्याकडे तिथपासूनचं आहे. आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचं काम सरस्वतीबाई फाळके घरात करायच्या, दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. फिल्मच्या काळात प्रत्येक कट म्हणजे खरोखर कापायचं आणि चिकटवायचं, त्यामुळे कापण्याआधी माणूस विचार करायचा. तुला अंडू आहे, म्हणजे केलेलं मागे घ्यायचं बटण, त्याचा फायदा घे पण कापण्याआधी एकदा विचार करायची सवय ठेव.

तोच ६० सेकंदांचा व्हिडिओ झाला की ती टाइमलाईन बाजूला ठेव आणि त्याच फुटेजमधून दुसरा कर ज्यात गोष्ट पंक्चरवाल्याची नाही, वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे. आणि मग तिसरा, फक्त १५ सेकंदांचा, उभ्या फ्रेमचा, फोनवर बघायचा. तीन वेगळे निर्णय, एकच फुटेज. पोरं कंटाळतात इथे, म्हणतात नवीन काहीतरी द्या. पण या तिसऱ्या वेळेलाच हात बसतो, हे मी बघितलंय.

कट जुळण्यावरून एक. वॉल्टर मर्च म्हणून फार मोठे एडिटर आहेत, त्यांनी चांगल्या कटला कशाकशावर मार्क द्यायचे ते मांडलंय, भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, लयीला १०, आणि माणूस जागेवर बरोबर आहे की नाही, म्हणजे ज्याला आपण कंटिन्युइटी म्हणतो, तिला अगदी शेवटी ४. म्हणून पंक्चरवाल्याचा एखाद्या शॉटमधला चेहरा जिवंत आहे पण फडकं आधी डाव्या हातात होतं आणि आता उजव्या हातात आहे, तर बिनधास्त तो चेहरा ठेव. फडकं कुणी बघत नाही. मी सुरुवातीला फडकं बघायचे.

कीबोर्ड पहिल्या दिवसापासून वापर. जे, के आणि एल या तीन कळांवर मागे, थांब, पुढे, एल दोनदा दाबलं की दुप्पट वेगाने, हे जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सारखंच. आय म्हणजे इन, क्लिपचा हवा तो भाग जिथे सुरू होतो ती खूण, ओ म्हणजे आउट, तो जिथे संपतो ती. शॉटकटमध्ये एस दाबलं की प्लेहेड, म्हणजे टाइमलाईनवर सरकणारी उभी रेघ, आहे तिथे क्लिप कापली जाते, केडेनलाइव्हमध्ये शिफ्ट आणि आर. सॉफ्टवेअर बदललं की फार तर आठवडा अडखळशील.

आवाज. लोक थोडं खराब चित्र चालवून घेतात, खराब आवाज नाही, पाच सेकंदांत बंद करतात. यातलं बरंचसं शूटिंगच्या वेळीच ठरतं. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर हवा, लांबून झूम करून घेतलेल्या मुलाखतीत खोली ऐकू येते, माणूस नाही. पंखा बंद करायला सांग, नम्रपणे, आणि परत लावून द्यायला विसरू नको. तिथून निघण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड कर. रूम टोन म्हणतात त्याला. का लागतो तर मुलाखतीतून तू एक "म्हणजे" काढलास की तिथे संपूर्ण शांतता येते आणि कानाला भोक पडल्यासारखं वाटतं, त्या भोकात हा रूम टोन भरायचा. एडिट करताना मीटर बघ, बोलणं साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे आणि कितीही जोरात असलं तरी उणे ६ च्या वर जाऊ देऊ नको, शून्याला लागलं की आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. मागे संगीत असेल तर बोलणं ऐकू येतंय की नाही हे हेडफोनवर तर बघच पण फोनच्या स्पीकरवर पण बघ, कुकरची शिट्टी चालू असताना स्वयंपाकघरात लोक काय ऐकतात ते तुला तिथेच कळेल. सिनेमाचं गाणं लावू नको, यूट्यूबवर लगेच क्लेम, म्हणजे गाण्याच्या मालकाचा दावा, येतो, त्यांचीच ऑडिओ लायब्ररी आहे फुकट, ती वाप‍र.

मराठी टायटल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. किती मेहनतीने केलेल्या मराठी व्हिडिओंमध्ये वेलांटी एका अक्षराने सरकलेली आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो, आणि खालच्या कॉमेंटमध्ये लोक बाकी सगळं सोडून तेच दाखवतात, आणि ते बरोबरच करतात. कारण दोन असतात. एक तर जुन्या, डीटीपीच्या फाँटमधला मजकूर युनिकोड सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलेला असतो, तो मुळात वेगळ्याच सांकेतिक अक्षरांत असतो, त्यामुळे तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला लागतो. दुसरं, सॉफ्टवेअर भारतीय लिपीसाठी लावलेलं नसतं. प्रीमिअरमध्ये पुढे कधी काम केलंस तर प्रेफरन्समध्ये ग्राफिक्सच्या भागात टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई निवडायचं असतं, एवढं केलं की वेलांट्या जागेवर येतात. कुठल्याही नवीन सॉफ्टवेअरमध्ये मी आधी "शक्ती", "क्रिया", "वऱ्हाड", "दुसऱ्या" एवढे शब्द टाइप करून बघते, चारही नीट आले तर पुढे जाते. फाँट मुक्ता घे, बालू घे, नोटो घे, फुकट आहेत. बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपले वाटत नाहीत, तिरो देवनागरी मराठी हा फाँट खास मराठी वळणाचा आहे, तो टायटलला फार सुंदर दिसतो. आणि सबटायटल पडद्यावर तेवढा वेळ ठेव जेवढ्या वेळात तुझी आई दोनदा वाचू शकेल, तू एकदा वाचलंस हे माप धरू नको, तुला ते आधीच पाठ असतं.

एक्स्पोर्टचं फार डोकं लावू नको. एमपीफोर, एच २६४, १०८०पीला सेकंदाला ८ मेगाबिट, यूट्यूब पण साधारण तेवढंच सांगतं. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला ६० एमबी, १० मिनिटांचा व्हिडिओ ६०० एमबी, असा हिशोब येत असला की क्लायंटने "फाइल किती मोठी होईल" विचारल्यावर तू गडबडत नाहीस. टाइमलाईन २५ ची तर एक्स्पोर्ट पण २५ चा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते व्हिडिओची क्वालिटी दाबून टाकतं.

फुटेज दोन जागी ठेव. शिकताय म्हणून काय झालं, ठेव. मी सातव्या-आठव्या वर्षी एका लग्नाची हार्ड डिस्क टेबलावरून पाडली, वायर पायात अडकली आणि डिस्क फरशीवर, आणि दुसरी कॉपी नव्हती कारण मी म्हटलं होतं उद्या करू. डेटा काढणाऱ्यांनी अर्धं परत आणलं. हळदीचं सगळं गेलं. त्या हळदीत नवरीची आजी होती आणि ती पुढच्या चार महिन्यांत वारली. मी घरी जाऊन माफी मागितली, पैसे परत केले, ते लोक चांगले होते, पण ती आजी मला परत देता आली नाही. तेव्हापासून कार्ड रिकामं करण्याआधी दोन कॉपी, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक वेगळ्या घरात. आणि दोन्ही उघडून बघायच्या, कॉपी झालं असं स्क्रीनवर लिहून आलं म्हणजे झालं असं नाही.

राहिला क्लास. ४५ हजार भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचार, रॉ फुटेज, म्हणजे न कापलेलं मूळ फुटेज, देता का आणि किती, माझा कट माझ्या शेजारी बसून कोण बघणार आणि आठवड्यातून किती वेळा, आणि आधीच्या बॅचच्या मुलांनी केलेलं काम दाखवा, शिक्षकाचं नको. उत्तर नुसतं टूल्सची यादी असेल, एवढी सॉफ्टवेअर शिकवतो वगैरे, तर भरू नको, ते सगळं यूट्यूबवर आहे, आणि रिझॉल्व्हवाले तर आपली शिकवणीची पुस्तकं सरावाच्या फुटेजसकट वेबसाइटवर फुकट देतात. पण जर खरंच कुणी अनुभवी माणूस शेजारी बसून प्रत्येक आठवड्याला तुझा कट बघणार असेल आणि हा का ठेवलास, हा का काढलास असं विचारणार असेल तर त्याला किंमत आहे, आमच्या सीनिअरने पदर परत घालायला लावला ती किंमत मी आजही मोजू शकत नाही. तसं कुणी मिळालं तर फी कमी करून हप्त्याने घ्या म्हणून विचार, लाजू नको. नाहीतर लातूरमध्ये लग्नाचं काम करणारा एखादा स्टुडिओ गाठ आणि सीझनमध्ये फुटेज लावायला बसतो म्हण, आठ-आठ तासांचे कार्यक्रम, तीन-तीन कॅमेरे सिंक करायचे म्हणजे एकमेकांशी जुळवायचे, लोक या कामाला नाकं मुरडतात पण गर्दीतून महत्त्वाचा चेहरा शोधायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. फक्त दोन महिन्यांनंतर पैसे मागायचे, थोडे का होईना, फुकट काम लांबवायचं नाही.

पुढे मन बसलंच तर पदवी पूर्ण कर, कारण पुण्याच्या एफटीआयआयच्या, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या, ३ वर्षांच्या एडिटिंगच्या कोर्सला पदवी लागते, विषय कुठलाही चालतो, बीकॉमवाले पण जातात. प्रवेश परीक्षा असते, जागा अगदी मोजक्या. प्रभात स्टुडिओच्या जागेतच १९६० मध्ये ती संस्था सुरू झाली, हिंदी सिनेमाच्या एडिटर रेणू सलुजा तिथल्याच, एडिटिंगचे चार राष्ट्रीय पुरस्कार आहेत त्यांच्या नावावर. सरकारी संस्था असल्याने खासगी कॉलेजांच्या मानाने खर्च आवाक्यात असतो.

कॉलेज सांभाळून रोज एक तास मिळाला तरी पुरे, चार-पाच महिन्यांत बघवेल असं काम यायला लागतं. नवीन लॅपटॉपचं नंतर बघू. आधी एक बऱ्यापैकी हेडफोन घे, वायरचा, हजार-दीड हजाराचा, आणि एक टीबीची डिस्क.

पंक्चरवाल्याकडे आदल्या दिवशी जाऊन विचारून ये, नुसता कॅमेरा काढून उभा राहू नको, तो माणूस कामावर असतो. सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा ऊन तिरपं असतं आणि घमेल्यातल्या पाण्यावर उजेड चांगला येतो, अकरानंतर सगळं पांढरं पडतं. आणि झालेला व्हिडिओ सगळ्यात आधी त्याला दाखव, तो कुठे बघतो आणि कुठे त्याचं लक्ष उडतं ते त्याच्या तोंडाकडे बघून लिहून घे.